वस्तूंवरची चित्रं कोण काढतं? आजचे चित्रकार आणि डिझायनर तुम्ही कसे शोधता?

रेघोटी

नमस्कार मंडळी,

गेल्या काही वर्षांत घरात येणाऱ्या वस्तूंवरची चित्रं फार देखणी झाली आहेत. कॉफीची पाकिटं, साबणाची खोकी, चॉकलेटचे कागद, मसाल्याचे डबे. कुणीतरी वेळ देऊन, मन लावून ती काढलेली असतात हे बघताक्षणी कळतं. खोक्यावर घटकपदार्थ असतात, वजन असतं, किंमत, कारखान्याचा पत्ता, तक्रारीसाठी फोन नंबर, सगळं असतं. चित्रकाराचं नाव मात्र नसतं.

सध्या माझ्या ओट्यावर एका लहान कंपनीच्या कॉफीचं पाकीट आहे. घाटातलं वळण, एसटी, धुक्यात अर्धा बुडालेला कठडा, आणि हे सगळं फक्त दोन रंगांत. हे चित्र ज्याने किंवा जिने काढलं तिचं बाकीचं काम मला बघायचं आहे. कंपनीला मेल टाकली आहे, अजून उत्तर नाही.

तर प्रश्न असा, की आज काम करणारे चित्रकार, डिझायनर, अक्षरकार तुम्हाला कसे सापडतात? गॅलरीत जाणारं माणूस गॅलरीतले चित्रकार ओळखतं, पण ब्रँडसाठी काम करणाऱ्यांपर्यंत कसं पोचायचं? आणि माझं मत आधीच सांगून टाकते: चित्राचं श्रेय छापलं गेलंच पाहिजे. ते छापलं तर हा शोध निम्म्याने सोपा होईल.

खारेदाणे

रुमाल टाकून, म्हणजे जागा धरून ठेवतो. विषय जिव्हाळ्याचा आहे, रात्री सविस्तर लिहितो.

पारिजात

मोबाइलवर फोटोवरून शोध घेऊन पाहिलंस का? चित्राचा भाग सरळ समोरून, चकाकी न येऊ देता टिपायचा. अक्षरं कापून टाकायची, नाहीतर कंपनीची जाहिरातच पुन्हा पुन्हा समोर येते. नुसतं चित्र ठेवलं की पुष्कळदा चित्रकाराचं बिहान्सचं (चित्रकार-डिझायनर आपलं काम मांडतात ते संकेतस्थळ) पान सापडतं. तिथे बहुतेक जण पूर्ण प्रकल्प मांडतात: कच्ची रेखाटनं, नाकारलेले पर्याय, शेवटचं काम. आणि खाली चमूतल्या सगळ्यांची नावं असतात. मला तिथली नाकारलेली रेखाटनं बघायला सगळ्यात जास्त आवडतं.

जुना_जेजेकर

रेघोटी, धागा काढलास हे फार चांगलं केलंस. जरा लांबण लावतो, सगळ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी मुंबईच्या जेजेत उपयोजित कला शिकलो. आमच्या वेळी अजूनही बरेच जण कमर्शियल आर्टच म्हणायचे. सर जेजे स्कूल १८५७ चं, कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ चा, आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. म्हणजे वस्तू विकण्यासाठी चित्र काढण्याचं रीतसर शिक्षण आपल्याकडे नव्वद वर्षं चालू आहे. त्यातून बाहेर पडलेल्यांनी तुमचं सगळं बालपण रंगवलेलं आहे, पण त्यातली दहा नावंही लोकांना सांगता येत नाहीत.

एअर इंडियाचा महाराजा सगळ्यांना माहीत आहे. १९४६ साली बॉबी कूका यांच्या डोक्यातून तो निघाला हेही काहींना ठाऊक असतं. कागदावर तो उतरवला उमेश राव यांनी. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकची मुलगी १९६६ ची. सिल्व्हेस्टर दाकुन्हा यांच्या एजन्सीत युस्टेस फर्नांडिस यांनी ती काढली. आणि पुढे वर्षानुवर्षं, ताजी बातमी आली की तिला त्या बातमीत नेऊन बसवणारा हात जयंत राणे यांचा. चौकातलं ते होर्डिंग बघून आपण हसलो आहोत, तो विनोद दुसऱ्याला सांगितलाही आहे. राण्यांचं नाव किती जणांनी घेतलं?

एशियन पेंट्सचा गट्टू आर. के. लक्ष्मण यांचा, १९५४ चा. तो लोकांना माहीत असतो, कारण लक्ष्मण दुसरीकडून माहीत असतात. म्हणजे नाव आधी असेल तरच श्रेय मिळतं. नाव ज्याला अजून व्हायचं आहे त्याला तर श्रेयाची खरी गरज.

एजन्सीत काम करताना आम्ही फायनल आर्टवर्क करायचो. ब्रोमाइड (अक्षरं-चित्रं उतरवलेला फोटोकागद) कापायचं, रबर सोल्युशनने चिकटवायचं, वर ट्रेसिंग पेपर लावून त्यावर रंगांच्या सूचना लिहायच्या. मी जिथे नोकरीला होतो तिथे एका ज्येष्ठ चित्रकाराने कोपऱ्यात बारीक सही केली होती. क्लायंटकडे जाण्याआधी ती पांढऱ्या रंगाने झाकायला लावली. ते काम माझ्याकडे आलं होतं. त्यांनी काही म्हटलं नाही, पण त्यानंतर त्यांनी सही करणंच सोडलं.

नावं कळायची ती कॅगच्या वार्षिकांतून. कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्ड, १९४८ साली मुंबईत स्थापन झालेली. दरवर्षीच्या निवडक कामाचं पुस्तक निघायचं आणि प्रत्येक कामाखाली आर्ट डायरेक्टर, चित्रकार, छायाचित्रकार, मजकूर लिहिणारा अशी नावं असायची. आम्ही ती वार्षिकं हातोहात फिरवून फाडली. जुन्या पुस्तकांच्या दुकानात दिसली तर कुठल्याही किमतीला घ्या.

टिकली

जेजेकर काका, प्रतिसाद वाचनखुणेत ठेवला.

नदीकाठ

माझं मत वेगळं आहे. मी एका डिझाइन स्टुडिओत पॅकेजिंग करते. पाकिटावरचं चित्र एकट्याचं नसतं. संकल्पना एकाची, चित्र दुसऱ्याचं, अक्षरं तिसऱ्याची, खोक्याचा घडीचा आराखडा चौथ्याचा. छपाईत रंग बिघडू नयेत म्हणून यंत्रावर रात्रभर उभा राहणारा पाचवा. नाव द्यायचं तर कोणाचं? शिवाय अन्नपदार्थाच्या पाकिटावर कायद्याने छापावाच लागणारा मजकूर इतका असतो की पाठीमागे मुंगी शिरायला जागा उरत नाही. दोन ग्रॅमच्या सॅशेवर श्रेयनामावली कशी छापणार?

चित्रकाराला पैसे वेळेवर आणि पुरेसे मिळावेत, हा माझ्या दृष्टीने पहिला प्रश्न. नाव त्यानंतर.

रेघोटी

नदीकाठ, पाच जण असतील तर पाचही नावं द्यावीत. पाकिटावर जागा नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या उत्पादनाच्या पानावर द्यावीत, तिथे जागेची अडचण नाही. आणि पैसे की नाव अशी निवड करायला लावणं मला पटत नाही. दोन्ही द्यावं.

खारेदाणे

रात्री लिहितो म्हटलं होतं, आलो.

नदीकाठ यांच्या मुद्द्याला आपल्याच घरात उत्तर आहे. कुठलाही बरा दिवाळी अंक उघडा. पहिल्या पानावर 'मुखपृष्ठ : अमुक', 'सजावट : तमुक', 'अक्षरलेखन', 'मुद्रितशोधन', अगदी मुद्रणालयापर्यंत सगळ्यांची नावं असतात. मराठी प्रकाशकांनी ही रीत कितीतरी दशकं पाळली, आणि त्यांचं बजेट काय असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

याच रीतीमुळे दलाल आणि मुळगावकर हे चित्रकार घराघरांत पोचले. दीनानाथ दलाल मूळचे मडगावचे. १९४५ पासून त्यांनी 'दीपावली' काढला. मुखपृष्ठावरच्या बाईच्या पदराजवळ कुठेतरी 'दलाल' अशी देवनागरी सही असायची. आमच्या आत्याला चित्रातलं बाकी काही कळायचं नाही, पण ती सही ओळखायची आणि त्यावरून अंक उचलायची. म्हणजे सहीमुळे अंक खपायचा! ब्रँडवाल्यांनी हे ध्यानात घ्यावं. चित्रकाराच्या नावाने वस्तूची किंमत वाढते.

बोरीबंदर

दलाल थोर, पण मुळगावकरांचा स्प्रे कुणाला जमला नाही. तो गुळगुळीतपणा, ते दागिन्यांवरचं तेज! कॅलेंडरवरच्या त्यांच्या लक्ष्मीला आमच्याकडे रोज हळदकुंकू लागायचं.

खारेदाणे

बोरीबंदर, तेजाबद्दल वादच नाही. पण दलालांची रेघ जिवंत होती. दोनचार फटकाऱ्यांत माणूस उभा करायचे. मुळगावकरांचे देव सुंदर, पण सगळ्यांचे चेहरे एकाच घरातले वाटतात.

बोरीबंदर

देव एकाच घरातले असतात म्हणूनच. :)

टिकली

कॅलेंडरवरून आठवलं. वर्ष संपलं की देवाचं चित्र असलेलं पान टाकवत नसे. मग आई त्याचं वह्यांना कव्हर घालायची, चित्र आतल्या बाजूला. माझ्या भूमितीच्या वहीच्या आत तीन वर्षं गणपती होता आणि मला मार्कही चांगले पडले.

जुना_जेजेकर

खारेदाणे, बोरीबंदर, हा वाद आमच्या कँटीनमध्येही रोज व्हायचा. दलाल १९७१ ला गेले, मुळगावकर १९७६ ला, वाद अजून चालू आहे. दोघांनीही जाहिरातीचं काम भरपूर केलं आणि दोघांनाही त्यात कमीपणा वाटला नाही, एवढं मात्र नोंदवून ठेवा.

मोरपंखी

मला मूळ गृहीतकाबद्दल बोलायचं आहे. ब्रँडसाठी काढलेलं चित्र म्हणजे कला का? पैसे घेऊन, दुसऱ्याने सांगितलेला विषय, दुसऱ्याने ठरवलेले रंग. कारागिरी उत्तम असेल, नाकारत नाही. पण चित्रकाराला आतून काही सांगायचं होतं म्हणून ते आलेलं नसतं. विख्यात चित्रकाराचे ठिपके लाखो रुपयांच्या बॅगवर छापले की त्याला कला म्हणायचं, हे मला जड जातं.

बोरीबंदर

मोरपंखी, तुमचा रोख कुसामांच्या ठिपक्यांवर दिसतो. लुई व्हितॉं या फॅशन ब्रँडने २००३ मध्ये मुराकामी आणि २०१२ मध्ये यायोई कुसामा या जपानी चित्रकारांबरोबर काम केलं. तिथे बॅग ब्रँडमुळेच खपली असती हे मान्य. पण तेवढ्यावरून सगळं बाद करू नका.

तुलूझ-लोत्रेकचं १८९१ चं मूलाँ रूजचं पोस्टर ही एका करमणुकीच्या ठिकाणाची जाहिरातच होती. आज ती संग्रहालयांत आहे. बीएमडब्ल्यूने १९७५ मध्ये अलेक्झांडर काल्डर यांना शर्यतीची गाडी रंगवायला दिली आणि ती गाडी ल मॉंच्या शर्यतीत खरोखर धावली. १९७९ मध्ये वॉरहॉलने त्यांची एक गाडी स्वतःच्या हाताने अर्ध्या तासाच्या आत रंगवली. साल्वादोर दालीने चुपा चुप्सच्या गोळीचं बोधचिन्ह केलं. याच दालीने १९६७ मध्ये एअर इंडियासाठी ॲशट्रे केली, हंस आणि हत्ती एकमेकांत मिसळणारी. मोबदला म्हणून मागितलं हत्तीचं पिल्लू! आणि एअर इंडियाने ते खरंच पाठवलं.

एअर इंडियाचं आणखी एक मोठं काम म्हणजे त्यांनी त्या काळातल्या तरुण चित्रकारांची चित्रं विकत घेतली, जगभरच्या कचेऱ्यांत लावली. आपल्या विदर्भातल्या बी. प्रभा सुरुवातीच्या नावांत होत्या. तो सगळा संग्रह २०२३ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे देण्याचं ठरलं. विमान कंपनीने नवी नावं शोधली आणि लोकांना दाखवली. मुंबईच्या कुठल्या कचेरीत आज असं धाडस होतंय?

टिकली

हत्तीचं पिल्लू!!! मी आतापर्यंत मोबदल्यात फक्त फराळाचा डबा मिळाल्याचं ऐकलं होतं.

कुंचला

मी लातूरचा, सध्या पुण्यात. चित्रकारितेवरच पोट आहे, त्यामुळे आतली बाजू लिहितो.

मोरपंखी, 'आतून काही सांगायचं' हे ब्रँडच्या कामात येत नाही असं नाही. मला एका तेलाच्या घाण्याच्या बाटलीसाठी चित्र करायचं होतं. ब्रीफमध्ये फक्त 'पारंपरिक वाटलं पाहिजे' एवढंच होतं. माझ्या आजोळी करडईचं पीक असायचं. करडईची काट्यांची बोंडं, दुपारचं ऊन, गोणपाटावर पसरलेलं बी, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. तेच काढलं. मालकांनी बघितलं आणि काही न बदलता घेतलं. ते चित्र माझं आहे, पैसे मिळाले म्हणून ते कमी माझं झालं नाही.

आता नावाबद्दल. नदीकाठ ताई म्हणतात आधी पैसे, तर माझा अनुभव असा की नाव हेच पुढचे पैसे असतात. नवं काम जुन्या कामावरून येतं. जुन्या कामावर नाव नसेल तर ते काम माझं आहे हे मला प्रत्येक वेळी नव्याने पटवावं लागतं. एका कंपनीने तर करारात कलम घातलं होतं की हे काम मी केलं हे कुठेही सांगायचं नाही, माझ्या इन्स्टावरसुद्धा नाही. अशा वेळी मी आता जास्त पैसे मागतो आणि त्याचं कारण स्पष्ट सांगतो. काही जण कलम काढतात, काही जण पैसे देतात, काही जण दुसऱ्याकडे जातात.

आणि फुकट नमुने मागणाऱ्यांबद्दल तर वेगळा धागा काढावा लागेल.

नदीकाठ

कुंचला, 'नाव हेच पुढचे पैसे' हे पटलं. आमच्या स्टुडिओत आम्ही बाहेरच्या चित्रकारांची नावं आमच्या पानावर देतो, पण क्लायंटच्या पानावर ती येतील हे बघत नाही. पुढच्या करारात ते घालायला सांगते. सॅशेबद्दल मात्र माझं म्हणणं कायम आहे.

लंडनचा_बाळू

इथली एक गोष्ट सांगतो. लंडनच्या भुयारी रेल्वेने १९०८ पासून पोस्टरं करून घ्यायला सुरुवात केली. फ्रँक पिक नावाचा अधिकारी त्यामागे होता. तरुण, अनोळखी चित्रकार निवडायचा. मॅकनाइट कॉफरसारखी माणसं त्यातून मोठी झाली. मान रे यांनीही त्यांच्यासाठी १९३८ मध्ये पोस्टर केलं. या पोस्टरांवर चित्रकाराचं नाव असायचं, त्यामुळे वाहतूक संग्रहालयात आज चित्रकाराच्या नावावरून शोधता येतं. एखाद्या विस्मरणात गेलेल्या चित्रकर्तीची सगळी पोस्टरं एका ठिकाणी सापडतात. नाव लिहिल्याचा फायदा शंभर वर्षांनी दिसतो तो असा. आपल्या एसटीने, पर्यटन महामंडळाने इतक्या वर्षांत किती पोस्टरं केली असतील, ती कुणी काढली हे आज कसं शोधणार?

अक्षरवेडा

चित्रकारांबद्दल सगळे बोलताय, अक्षरकारांना विसरू नका. कमल शेडगे यांची अक्षरं महाराष्ट्राने नाटकांच्या जाहिरातींतून कितीतरी वर्षं वाचली. नाटकाचा स्वभाव अक्षरात उतरवायचे. ते २०२० मध्ये गेले तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की ही सगळी अक्षरं एका माणसाची होती.

आणि र. कृ. जोशी. कोल्हापूरचे, उल्का जाहिरातसंस्थेत कला दिग्दर्शक, नंतर पवईला आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन. विंडोजवरचा 'मंगल' हा देवनागरी टंक (फॉन्ट) त्यांचा. सरकारी कागदांपासून शाळेच्या प्रश्नपत्रिकांपर्यंत कितीतरी मजकूर आपण त्यांच्या अक्षरांत वाचला आहे. एवढ्या घरांत पोचलेला दुसरा मराठी डिझायनर मला तरी माहीत नाही.

आजचे हवे असतील तर मुंबईच्या 'एक टाइप'चं काम बघा. मुक्ता, बलू, मोदक हे टंक त्यांचे. 'मोदक' तर इतका जाडजूड आणि गोड आहे की अक्षरांच्या पोटातली पोकळी जवळपास संपते, तरी वाचता येतो. रेघोटी ताई, शोधण्याची युक्ती म्हणून सांगतो: मोफत टंकांच्या गूगलच्या संग्रहात प्रत्येक टंकाच्या पानावर करणाऱ्याचं नाव असतं. दुकानाच्या पाटीवरचा टंक ओळखला की नावापर्यंत पोचता येतं. कॉफीच्या पाकिटावरची मराठी अक्षरं टंकातली आहेत की हाताने काढलेली? 'क' दोनदा आला असेल तर दोन्ही सारखे आहेत का ते बघा. जरा जरी फरक असला तरी हाताने काढलेली.

रेघोटी

अक्षरवेडा, बघितलं! 'कॉफी' आणि 'कडक' मिळून तीन 'क' आहेत आणि तिन्ही वेगळे. हाताने काढलेली आहेत. म्हणजे चित्रकार आणि अक्षरकार एकच असण्याची शक्यता वाढली.

गंजाडची_वाट

मी डहाणू तालुक्यातली. वर 'नाव नाही' म्हणून जे दुःख मांडलं गेलं ते आमच्याकडे फार जुनं आहे. वारली चित्रं कुर्त्यांवर, ट्रेवर, हॉटेलांच्या भिंतींवर, मोबाइलच्या कव्हरांवर सगळीकडे आहेत. तारपा नाचाचं वर्तुळ तर कुणीही उचलतं. कुणी काढलं विचारलं की उत्तर येतं, 'वारली आहे'.

जिव्या सोमा म्हसे आमच्या गंजाडचे. त्यांच्या आधी ही चित्रं प्रामुख्याने लग्नात, सवाष्ण बाया भिंतीवर काढायच्या. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने, मध्ये पालघट देवीचा चौक. म्हसे यांनी ते रोज काढायला घेतलं, कागदावर, कापडावर, आणि स्वतःच्या मनातलं काढलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रातलं माशांचं जाळं बघा. त्याच्याजवळ जाईल असं जाळं दुसऱ्या कुणाचं मी बघितलेलं नाही. म्हणजे वारलीतही व्यक्ती आहे, शैली आहे, हात ओळखू येतो.

२०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक उपदर्शन (जीआय) मिळालं. चांगलं झालं. पण भौगोलिक उपदर्शन प्रदेशाला मिळतं, त्यातून माणसाचं नाव दिसत नाही. कंपनीने पाड्यावर येऊन चित्रकाराला काम द्यावं आणि त्याचं नाव छापावं, एवढीच मागणी आहे. 'पारंपरिक आदिवासी कला' असं छापून काम भागत नाही.

मोरपंखी

गंजाडची_वाट, तुमचा प्रतिसाद परत परत वाचला. मी 'आतून' आणि 'बाहेरून' अशी वाटणी केली होती, ती लग्नाच्या चौकाला लागू पडत नाही हे खरं. चौकही कुणीतरी सांगितल्यावर, ठरलेल्या प्रसंगी, ठरलेल्या रीतीने काढला जातो. यावर मला अजून विचार करायचा आहे.

रंकाळा

नावाचा विषय निघाला आणि कोल्हापूरकर गप्प बसले असं होणार नाही. :)

जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडच्या पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये मॉडेलच्या पायात जे होतं ते आम्ही लगेच ओळखलं. सुरुवातीला त्यांनी फक्त चामड्याची सँडल म्हटलं. इकडे गदारोळ झाल्यावर भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. कोल्हापुरीला भौगोलिक उपदर्शन २०१९ चं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, कोल्हापुरी इथल्या कारागिरांकडून करून घेण्याचा. लोक मोठ्याने बोलले म्हणून हे झालं. तेव्हा रेघोटी ताई, कंपनीला दुसरी मेल टाका, आणि तिसरी पण टाका.

पारिजात

मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण 'कसे शोधता' याला अजून पुरेशी उत्तरं आली नाहीत.

मला सगळ्यात जास्त नावं मिळाली ती विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनांत. जेजेचं वार्षिक प्रदर्शन कुणालाही बघता येतं. तिथे ज्यांची रेघ आवडली त्यांची नावं वहीत लिहून ठेवते. दोनतीन वर्षांत तीच नावं पुस्तकांवर आणि पाकिटांवर दिसायला लागतात आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखा आनंद होतो. जानेवारी-फेब्रुवारीतल्या काळा घोडा महोत्सवात जहांगीरच्या बाहेरच्या फुटपाथवर बसणारे चित्रकार बघा, त्यांच्याशी बोला. डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी महोत्सव असतो, तिथे चित्रकलेबरोबर हस्तकलाही असते.

रस्त्यावर बघायचं तर मुंबईत भिंती आहेत. स्टार्ट इंडिया या भित्तिचित्रं करवून घेणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये कुलाब्याच्या ससून डॉकमध्ये प्रदर्शन केलं होतं. मासळीचा वास, गोण्या, लगबग आणि त्यात चित्रं. बांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी दादासाहेब फाळके काढले. या भिंतींमागेही ब्रँड आहेच, एशियन पेंट्स स्टार्टबरोबर काम करतं. आणि इथे चित्रकाराचं नाव जाहीर होतं, त्यामुळे कंपनीचं काही बिघडलेलं दिसत नाही.

समीर कुलवूर हे नाव लिहून घ्या. जेजेचेच. मुंबईतली निळी ताडपत्री हा विषय घेऊन त्यांनी चित्रांचं अख्खं पुस्तक केलं. ते बघितल्यापासून पावसाळ्यातली मुंबई मला वेगळी दिसायला लागली.

टिकली

टॅक्सी विसरलात! २०१५ मध्ये मुंबईत 'टॅक्सी फॅब्रिक' म्हणून उपक्रम होता. काळ्यापिवळ्या टॅक्सींच्या सीटा आणि छत तरुण डिझायनरांनी केलेल्या कापडाने मढवले. आणि आत डिझायनरची माहिती देणारी पट्टी असायची! नाव वाचायचं आणि घरी जाऊन शोधायचं. मी दादर ते महालक्ष्मी प्रवासात छताकडे बघत बसले होते, ड्रायव्हर काकांनी विचारलं, 'मान अवघडली का?'

अनामिक_वाचक

आता सगळं यंत्रच काढून देतं. आमच्या गल्लीतल्या केकवाल्याने खोकं तसंच करून घेतलं. यापुढे चित्रकार शोधायची गरज राहील असं वाटत नाही.

कुंचला

उलट आता जास्त गरज आहे. यंत्राला 'पारंपरिक तेलाची बाटली' सांगितलं तर बैल आणि घाणा येईल. गोणपाटावर पसरलेली करडई येणार नाही, कारण ती आठवण माझ्या आजोळची आहे. आणि नाव छापलेलं असेल तर गिऱ्हाइकाला लगेच कळेल की हे माणसाने काढलेलं आहे.

काळाकोट

बराच वेळ वाचतो आहे. कायद्याचं थोडं लिहितो, तरुण चित्रकारांना उपयोगी पडेल.

१९५७ चा कॉपीराइट कायदा. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून काढलं, तर कॉपीराइटची मालकी सहसा नोकरी देणाऱ्याची. कुणी पैसे देऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढायला सांगितलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालकी काढायला सांगणाऱ्याची. म्हणून करार करा. हक्क देताना करार लेखी आणि सही केलेला हवा (कलम १९). कोणतं काम, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात हे लिहा. काळ लिहिला नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत.

आता रेघोटी यांचा मुद्दा. कलम ५७ प्रमाणे, हक्क विकल्यानंतरही 'हे काम माझं आहे' असं सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. कामाची मोडतोड करून त्याच्या लौकिकाला धक्का लावला तर दाद मागता येते. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारने काढून टाकलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, अवशेष परत करायला लावले आणि पाच लाख रुपये भरपाई दिली. समोर केंद्र सरकार होतं, तरी.

जुना_जेजेकर

काळाकोट साहेब, हे आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं असतं तर त्या सहीवर पांढरा रंग चढला नसता. तुमचा प्रतिसाद छापून जेजेच्या सूचनाफलकावर लावायला हवा.

रेघोटी

मंडळी, रंकाळा यांच्या सल्ल्याने दुसरी मेल टाकली, आणि आज उत्तर आलं! चित्र आणि अक्षरं एकाच मुलीची आहेत, संगमनेरची. कंपनी चालवणारे दोघंच जण आहेत, त्यांनी लिहिलं की नाव छापायचं हे डोक्यातच आलं नव्हतं, पुढच्या छपाईत घालतो. मुलीला तिचं नाव इथे द्यायला चालेल का असं विचारलं आहे, तिने हो म्हटलं की लिहीन. तिचं बाकीचं काम बघितलं. एसटी स्टँडांची एक मालिका आहे, फलाटावरचे बाक, कंट्रोलरची खिडकी, उसाच्या रसाची गाडी. फार सुरेख आहे.

खारेदाणे

वा! एसटी स्टँडांची मालिका कुठल्या दिवाळी अंकात आली तर पहिला अंक माझा.

बोरीबंदर

रंकाळ्याने सांगितलेली तिसरी मेल टाकायची वाचली म्हणायची.

पारिजात

यावर्षी कुणाला जेजेच्या प्रदर्शनाला जायचं असेल तर कळवा, तारखा जाहीर झाल्या की इथेच टाकते. जेजेकर काका, तुम्ही आलात तर सगळ्यांनाच बरं.

कुंचला

काळाकोट सर, एक शंका. ज्या कंपनीने 'कुठेही सांगायचं नाही' असं कलम घातलं होतं, त्याआधीचं त्यांचं एक काम मी नुसत्या फोनवर बोलून केलं होतं. कागद काहीच नाही, फक्त माझं बिल आणि त्यांनी बँकेतून भरलेले पैसे. ते काम त्यांनी आता टी-शर्टवरही छापलं आहे. काही करता येईल का?

काळाकोट

बिलावर तुम्ही काय लिहिलं होतं ते महत्त्वाचं. 'पाकिटासाठी चित्र' असं लिहिलं असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम होते. चित्राचं स्वरूप काय, ते पेंटिंगमध्ये मोडतं का, हेही बघावं लागेल. बिल, फोननंतर झालेले मेसेज, कच्ची रेखाटनं तारखांसकट आणि टी-शर्टचे फोटो एकत्र ठेवा, आणि मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कुंचला

'लेबलसाठी चित्र, ५०० मिली बाटली' असं लिहिलंय. रेखाटनं सगळी आहेत. व्यनि केला.